शिरोलीतली फाउंड्री : सीसी घेऊ का?

शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे. पिग आयर्न, भंगार रोखीनं. पार्टीचं पेमेंट 90 दिवसांनी. शनिवारी पगाराला पोरं दारात उभी असतात, पोटात गोळा येतो. बँक 10 लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत लागेल तसे पैसे उचलायचं आणि भरायचं खातं) देते म्हणते. घेऊ का?

— घ्या. वापराल तेवढ्याच रकमेवर, तेवढ्याच दिवसांचं व्याज. पार्टीचे पैसे आले की लगेच सीसीत भरा. फक्त त्यातनं भट्टी घेऊ नका. मी घेतली, लिमिट वर्षभर भरलेलीच राहिली, पगाराला हातउसने मागत फिरलो. भट्टीला टर्म लोनच, म्हणजे ठरावीक मुदतीत हप्त्यानं फेडायचं कर्ज.

— भावा, स्टॉक स्टेटमेंट (शिल्लक माल आणि येणं बाकीचा हिशेब) बँकेला वेळेवर दे, ड्रॉइंग पॉवर, म्हणजे लिमिटमधले किती पैसे उचलता येतील ते, त्यावरच ठरते. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? असेल तर 45 दिवसांत पैसे मिळणं तुझा कायद्यानं हक्क आहे. बिलावर उद्यम नंबर छाप.

— नोंदणी आहे. उद्याच छापतो.