सरकारी वकिलाचे पूर्वायुष्य त्याच्या निर्णयांत उतरावे का?

प्रश्न (विधी शाखेची विद्यार्थिनी)

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोचे माजी डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी (मतदारांनी निवडून दिलेले प्रमुख सरकारी वकील) चेसा बुडीन यांच्याविषयी वाचते आहे. ते चौदा महिन्यांचे असताना, ऑक्टोबर १९८१ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात पैशांच्या गाडीवर पडलेल्या दरोड्यात त्यांच्या आईवडिलांना अटक झाली. दोघे पळून जाण्यासाठी ठेवलेल्या वाहनात होते. मात्र त्या दरोड्यात एक रक्षक आणि दोन पोलीस मारले गेले. आई २००३ मध्ये सुटली, वडील थेट २०२१ मध्ये. आईवडिलांना तुरुंगात भेटत वाढलेला मुलगा अशा पदावर निवडून येतो, तेव्हा ते अनुभव त्याची समज वाढवतात, की त्याच्या निःपक्षपणाला बाधा आणतात?

प्रतिसाद १ (निवृत्त सरकारी वकील)

समज वाढवतात, असे माझे ठाम मत आहे. खटला भरायचा की नाही, कोणता आरोप ठेवायचा, जामिनाला विरोध करायचा का, हे सरकारी वकील ठरवतो; आणि अमेरिकेत बहुसंख्य प्रकरणे आरोपीने तडजोडीत गुन्हा कबूल केल्यामुळे सुनावणीविनाच संपत असल्याने, त्याच्या या निवडीवरच पुष्कळदा निकाल ठरून जातो. जानेवारी २०२० मध्ये पदावर येताच बुडीन यांनी रोख जामिनाची मागणी बंद केली, कारण रक्कम भरण्याची ऐपत आणि समाजाला असलेला धोका यांचा परस्परांशी संबंध नाही. चार दिवसांच्या कोठडीनेही गरिबाची नोकरी जाते, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे, आणि बुडीन यांना ते कोणी समजावून सांगावे लागले नसेल.

प्रतिसाद २

आईवडिलांच्या गुन्ह्याचा ठपका मुलावर ठेवणे अन्यायाचेच आहे. तरीही ज्यांचे माणूस गेले, त्यांच्या घरचे दुःख सरकारी वकिलाला तितक्याच जवळून दिसले पाहिजे, आणि आपला निर्णय त्याने त्यांना समोर बसवून समजावून सांगितला पाहिजे. जून २०२२ मध्ये सुमारे ५५ टक्के मतदारांनी बुडीन यांना मुदतीपूर्वीच पदावरून दूर केले. त्यामागे पैसा आणि राजकारण होते हे मान्य, पण शहरातील अनेकांना आपले कोणी ऐकत नाही असे वाटत होते, हे नाकारता येत नाही.

प्रतिसाद ३

शिकागोच्या किम फॉक्स यांचे उदाहरण सोबत ठेवून पाहावे. त्यांचे बालपण कॅब्रिनी-ग्रीन या गरिबांसाठीच्या सरकारी वसाहतीत गेले. शिकागो ज्यात येते त्या कुक काउंटीच्या (जिल्ह्याच्या) प्रमुख सरकारी वकील म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी ठरवले की, दुकानातील चोरी ३०० डॉलरांच्या वर गेली की कायद्याने गंभीर गुन्हा ठरवता येत असला, तरी १,००० डॉलरांपर्यंत, आरोपीवर अनेक जुन्या शिक्षा नसतील तर, सौम्य आरोपच ठेवायचा. पुढे त्यांच्या कार्यालयाने खटल्यांची माहितीही सर्वांसाठी खुली केली, आणि मला हे पाऊल अधिक मोलाचे वाटते, कारण त्यामुळे त्यांच्या शब्दांची पडताळणी कोणालाही करता येते. दुसरे असे की, बुडीन यांची धोरणे त्यांच्यामागून आलेल्या वकिलांनी लगेच बदलायला घेतली. शिकागो ज्यात आहे त्या इलिनॉय राज्यात मात्र रोख जामीन सप्टेंबर २०२३ मध्ये कायद्यानेच संपुष्टात आला, त्यामुळे तो बदल एका वकिलाच्या धोरणावर अवलंबून राहिला नाही.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. फॉक्स यांच्या कार्यालयाची ती आकडेवारी मिळवून, दुकानातील चोरीच्या प्रकरणांपासून वाचायला सुरुवात करते.