ऑडी टीटी: पहिल्या पिढीचं वर्तुळ पुढच्या दोघींनी मोडलं का?

ग्राफपेपर

काल रात्री सोलापुरात सात रस्त्याजवळ तिसऱ्या पिढीची टीटी, ऑडीची ती छोटी स्पोर्ट्स गाडी, उभी दिसली. पांढरी. मी स्कूटर बाजूला लावली आणि दहा मिनिटं तिच्याभोवती फिरलो. घरी आल्यावर कपाटातली तिन्ही छोटी मॉडेलं काढून टेबलावर ओळीनं मांडली: १९९८, २००६, २०१४. गेली कित्येक वर्षं मनात आहे ते आज लिहितो. पहिली टीटी म्हणजे एक पूर्ण आकृती होती. दुसरी, चांगली गाडी. तिसरी म्हणजे ऑडीची अजून एक गाडी.

माझं काम चादरींच्या डिझाइनचं. ग्राफवर चौकोन भरत बुट्टा काढायचा, मग त्याची मागाला लावायची कार्डं पंच करायची. काठ एका हाताचा आणि मधला बुट्टा दुसऱ्या हाताचा असला, तर चादर उलगडताच गिऱ्हाईक ओळखतं. पहिल्या टीटीत बाहेरचा आणि आतला हात एकच आहे. चाकांवरच्या कमानी गोल, छत गोल, पेट्रोलच्या झाकणाला अ‍ॅल्युमिनियमची गोल चकती आणि तिच्यावर उघडे दिसणारे स्क्रू. आत बसलात की एसीच्या जाळ्यांना तशीच गोल कडी. १९९५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ठेवलेली नमुना-गाडी आणि तीन वर्षांनी विक्रीला आलेली गाडी शेजारी ठेवली तर फरक शोधावा लागतो. दाराच्या मागं छोटी काच आली, बंपर जरासे बदलले, एवढंच. कागदावरचं इतकं जसंच्या तसं रस्त्यावर येणं फार कमी गाड्यांच्या नशिबी आलं.

२००६ला गाडी १३७ मिलिमीटरनं लांब आणि ७८ मिलिमीटरनं रुंद झाली. दिव्यांना टोकं आली, तोंडावर तीच मोठी जाळी आली जी त्या काळात ऑडीच्या प्रत्येक गाडीवर बसत होती. २०१४ला घड्या अजून धारदार झाल्या आणि ऑडीच्या चिन्हातल्या चार कड्या जाळीतून बोनेटवर चढल्या. लांबून बघितली तर आधी ऑडी ओळखू येते, टीटी नंतर. १९९८च्या गाडीचं उलटं होतं.

माझं चुकत असेल तर सांगा, पण कारण देऊन सांगा.

मातीकाम

मी मूळचा बाळीवेशीतला. आता पुण्यात गाड्यांच्या डिझाइन स्टुडिओत मातीची मॉडेलं करतो. मालक, तुमचा डोळा चांगला आहे, पण निवाडा अर्धाच केलात.

दुसऱ्या पिढीत गाडीचं नाक, म्हणजे पुढचा भाग, का चढलं ते बघा. युरोपात २००५पासून पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम लागू व्हायला लागले. माणूस आदळला तर त्याचं डोकं बोनेटवर पडतं. बोनेटचा पत्रा आणि खालचं इंजिन यांच्यात मोकळी जागा नसेल तर कवटी फुटते. ही जागा द्यायची तर बोनेट वर घ्यावं लागतं, आणि बोनेट चढलं की काचेपासून छतापर्यंतची सगळी रेघ परत काढावी लागते. १९९८चं नाक २००६ला तसंच ठेवायला कुणी मोकळं नव्हतं.

दुसरं, तुमचं गोल धरून बसण्याचं काय होतं त्याचं उदाहरण समोर आहे. फ्रीमन थॉमस आणि जे मेज हे टीटीच्या कल्पनेमागचे दोघं, फोक्सवॅगनच्या न्यू बीटलच्या कल्पनेमागचेही तेच. बीटलनं तो गोल १३ वर्षं जवळपास तसाच ठेवला. शेवटी २०११ला तिचंही छत चपटं करावं लागलं. टीटीनं दोनदा रूप बदललं, म्हणून ती २५ वर्षं टिकली. नोव्हेंबर २०२३ला हंगेरीतल्या ग्योरच्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली, तोवर ६ लाख ६२ हजारांवर गाड्या झाल्या होत्या.

वालचंद_मेक

सर, मी वालचंदला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहिल्या टीटीची गोष्ट आमच्यात फ्लुइड मेकॅनिक्सच्या निमित्तानं निघते, आणि ती तुमच्या धाग्यात आली पाहिजे.

छत मागं हळूहळू गोल उतरत गेलं की हवा त्या वळणाला धरून राहते. वळणावरून जाताना तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो. कडा धारदार असती तर हवा तिथंच सुटली असती. जर्मनीच्या महामार्गांवर खूप वेगात असताना लेन बदलली किंवा ब्रेक मारला की पहिल्या टीटीच्या मागच्या चाकांची पकड सुटायची. अपघात झाले, त्यात माणसं गेली. मग कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, मागं छोटा स्पॉयलर, म्हणजे हवेला तिथंच सोडवणारी पट्टी, लावला, सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, बसवलं.

तुम्ही ज्या आकाराला पूर्ण म्हणता, तोच आकार अपूर्ण होता. डिझाइनमध्ये हवाही धरायची असते.

ग्राफपेपर

तुझा मुद्दा मानतो. माणसं गेली त्यापुढं माझ्या रेघेची काही किंमत नाही. स्पॉयलर लागायलाच हवा होता. तेव्हा हळहळणारे लोक होते, मी त्यांच्यातला नाही.

पण मग पुढचंही बघ. तळहाताएवढ्या रुंदीची एक पट्टी, बदललेलं सस्पेन्शन आणि एक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, एवढ्यावर तीच गाडी, तोच गोल घेऊन, २००६पर्यंत विकली गेली. म्हणजे दोष निघाला आणि आकारही राहिला. पुढच्या पिढीत आकार बदलायला हवेचं कारण पुरत नाही. मातीकामदादांचं बोनेटचं कारण पुरतं, ते मला माहीत नव्हतं. पण त्या नियमानं बोनेट वर घ्यायला सांगितलं, दिव्यांना टोकं काढायला नाही सांगितलं.

मातीकाम

स्पॉयलरचं निघालंय म्हणून सांगतो. दुसऱ्या पिढीत तो डिकीच्या पत्र्यात लपवला. ताशी सुमारे १२० किलोमीटरला आपोआप वर येतो, वेग उतरला की आत जातो. उभी गाडी बघा, मागची उतरती रेघ अखंड आहे. २०००नंतरच्या पहिल्या पिढीवर ती पट्टी कायमची चिकटलेली असते. तुमच्याच मापानं बघितलं तर मागून दुसरी जास्त शुद्ध आहे की ओ.

विजापूरवेस

सगळे उभ्या गाडीबद्दलच बोलताय. माझ्या आतेभावाकडे हैदराबादला दुसऱ्या पिढीची आहे, सोलापूरपर्यंत मी चालवत आणलीय. नळदुर्गच्या आधीच्या वळणांवर गाडी जशी जमिनीला धरून जाते, तसं आयुष्यात काही चालवलं नाही. पहिलीच्या खाली फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढीच्या गोल्फ गाडीचा सांगाडा होता, वजन सगळं नाकावर. रूप कितीही गोड असो, ही चालवायची गाडी आहे. मागच्या सीटवर मोठा माणूस बसत नाही, ते तिन्हीत सारखंच.

पत्राकाम

मी पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलं, आता होटगी रोडला स्वतःचं आहे. तिन्ही पिढ्यांच्या गाड्या हाताखालून गेल्यात, म्हणून लिहितो.

पहिलीचं छत आणि मागचा क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा, यांच्यामध्ये सांधा दिसत नाही. लेसरनं जोडून, घासून एकच केलंय. बाकी गाड्यांत तिथं एक खाच असते, वर रबराची पट्टी असते. ती खाच आमच्यासाठी देवासारखी. रंग तिथं थांबवता येतो. या गाडीत मागच्या चाकावर ओरखडा आला तर रंग विरवत कुठवर न्यायचा? थांबायला जागाच नाही, छतापर्यंत जावं लागतं. ग्राफपेपर मालक म्हणतात ती अखंड आकृती मला त्या दिवशी कळली, ज्या दिवशी एक क्वार्टर तीनदा पॉलिश करूनसुद्धा उन्हात रंगाचा फरक दिसत राहिला. शेवटी अख्खी बाजू मारली.

दुसरी तर वेगळीच. तिच्या सांगाड्यात दोन तृतीयांशाहून जास्त अ‍ॅल्युमिनियम आहे. पुढचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा आणि मागचा फ्लोअर, दारं, डिकी लोखंडी पत्र्याची. नाक जड राहू नये म्हणून मुद्दाम तसं केलं. विजापूरवेस म्हणतात ती जमिनीला धरून जाणारी चाल तिथून येते. अ‍ॅल्युमिनियम तापवलं तर लाल होत नाही, वेळेत हात काढला नाही तर खाली ओघळतं. लोखंडाला वापरलेला ग्राइंडर त्याला लावायचा नाही, कण अडकले की आतून गंज धरतो. त्या पत्र्यावर ती रेघ ओढणं सोपं काम नव्हतं. तिला नुसती ‘चांगली गाडी’ म्हणून सोडू नका.

आणि तिसरीबद्दल तुमचं चुकलंच. बाहेरून ती धारदार झाली हे खरं, पण आत बसा. डॅशबोर्डवर पाच गोल जाळ्या आणि एसीची बटणं त्या जाळ्यांच्या मधोमध. तापमान तिथंच फिरवायचं, आकडा तिथंच दिसतो. एसीचं वेगळं पॅनलच नाही. पहिलीत जाळी नुसती गोल होती, तिसरीत त्या गोलाला काम मिळालं. पेट्रोलचं झाकण परत गोल, परत स्क्रूवालं. आत दुसरं झाकण नाही, पाइप थेट लागतो.

ग्राफपेपर

जाळ्यांचं मी धरलंच नव्हतं. काल रात्री बाहेरूनच बघितली, काच काळी होती. माझ्या मॉडेलात आतलं नीट दिसत नाही. ‘अजून एक गाडी’ हे शब्द मागं घेतो, निदान आतल्यापुरते.

बाहेरच्यावर मी ठाम आहे. आत एवढं समजलेल्या माणसांनी बाहेर ती रुंद जाळी आणि त्या घड्या का काढल्या, हे मला अजूनही पटत नाही. वर्तुळ त्यांना येत होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

मातीकाम

कारण दुकानात गाडी इतर ऑडींच्या शेजारी उभी असते. २०१५ला आपल्याकडे ६० लाखांच्या वर किंमत होती. एवढे पैसे देणाऱ्याला ओळखीचं तोंड हवं असतं.

ग्राफपेपर

चादर घेणाराही ओळखीचा मोर मागतो. देतो आम्ही. पण मोर त्या चादरीच्या मापात बसवून देतो, दुसऱ्या चादरीचा उचलून लावत नाही.

पत्राकाम

मालक, रविवारी होटगी रोडला या. दुसऱ्या पिढीची एक पॉलिशला आलीय, मंगळवारपर्यंत आहे. तुमची तिन्ही मॉडेलं घेऊन या. लोहचुंबक मी देतो. बोनेटवर ठेवा, घसरून खाली येईल. दारावर ठेवा, चिकटेल. मग डोळे मिटून बोनेटपासून दारापर्यंत हात फिरवा आणि धातू कुठं बदलला ते सांगा.

ग्राफपेपर

येतो. सकाळी दहाला. वालचंदवाल्या पोरालाही घेऊन येतो.