पोलिसाला दिवाणी दाव्यातून सूट: अमेरिकेतली क्वालिफाइड इम्युनिटी रद्द व्हावी का?

पायवाट
फेब्रुवारी २०१५. अलाबामातल्या मॅडिसनमध्ये मुलाकडे राहायला आलेले ५७ वर्षांचे गुजराती आजोबा फूटपाथवर फिरत होते. कुणीतरी पोलिसांना फोन केला. आजोबांना इंग्रजी येईना, एका पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, अर्धांगवायू झाला. फौजदारी खटल्यात ज्युरीचं दोनदा एकमत झालं नाही आणि न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. उरला भरपाईचा दावा. तिथे पोलिसाने क्वालिफाइड इम्युनिटी मागितली. ती फेटाळून लावायला २०२० उजाडलं, तडजोड झाली २०२१ मध्ये. आपले आईवडीलही तिकडे सहा-सहा महिने जाऊन राहतात, रोज फिरायला बाहेर पडतात. हे संरक्षण रद्दच करा.

कोकणकडा
पण तुमच्याच उदाहरणात कोर्टाने ते नाकारलं! मुळात ते आलं कुठून ते बघा. १९६७ च्या पिअर्सन खटल्यातल्या पोलिसांनी मिसिसिपीत तेव्हा लागू असलेल्या कायद्याखाली अटक केली होती. ते कलम तशा प्रकरणात लावणं घटनाबाह्य आहे, हे कोर्टाने अटकेनंतर चार वर्षांनी ठरवलं. म्हणून प्रामाणिकपणे वागलेल्या पोलिसाला हे संरक्षण मिळालं. त्यासाठी हवालदाराने घर विकायचं?

पायवाट
घर कुणी विकत नाही हो. कायद्याच्या प्राध्यापक जोआना श्वार्ट्झ यांनी २०१४ साली मांडलेल्या अभ्यासात पोलिसांच्या स्वतःच्या खिशातून गेलेला वाटा एकूण भरपाईच्या ०.०२ टक्के निघाला. बाकी सगळं सरकारी तिजोरीतून.

आणि पिअर्सनमधला प्रामाणिकपणाचा निकष आता राहिलाय कुठे? १९८२ पासून प्रश्न एकच: हा हक्क आधीच्या निकालांनी 'स्पष्टपणे प्रस्थापित' केलेला होता का? नसेल तर सूट. नॅशव्हिलमध्ये हात वर करून बसलेल्या माणसावर कुत्रा सोडल्याचा दावा होता. आधीच्या निकालातला माणूस आडवा पडलेला होता, म्हणून तो निकाल लागू नाही म्हणे! कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत झडतीच्या वेळी पोलिसांनीच सव्वादोन लाख डॉलर चोरल्याचा आरोप, तिथेही सूट. वर २००९ पासून हक्काचा भंग झाला की नाही हे न ठरवताच दावा काढून टाकायची कोर्टाला मुभा आहे. मग पुढच्या माणसाने दाखवायला निकाल येणार कुठून?

कोकणकडा
२००९ बद्दलचं पटलं. भंग झाला का, हे कोर्टाने आधी ठरवलंच पाहिजे. पण सरसकट रद्द नको. रात्री दोन वाजता अंधाऱ्या जिन्यात क्षणात निर्णय घ्यावा लागतो. डोक्यावर दाव्याची टांगती तलवार असेल तर भरतीला कोण येईल?

माहेरची_वाट
कोलोरॅडोचा २०२० चा कायदा वाचा. राज्याच्या कोर्टातल्या दाव्यात ही सूट चालत नाही. भरपाई पोलिसाला नेमणारी संस्था देते. पोलीस सद्भावनेने वागला नाही असं त्या संस्थेलाच वाटलं, तरच त्याच्याकडून ५ टक्के किंवा २५,००० डॉलर, यातली कमी असेल ती रक्कम.

कोकणकडा
म्हणजे सद्भावना होती की नाही हे त्याचं खातंच ठरवणार. पोलिसांसाठी मला हे चालेल. पायवाट, तुम्हाला चालेल?

पायवाट
नाही. ते ज्युरीने ठरवावं. पण अशा कायद्यामुळे आजोबांच्या घरच्यांना भरपाईसाठी सहा वर्षं थांबावं लागलं नसतं, तर एवढ्यावरही आज मी सही केली असती.