मदत हवी आहे: टँकच्या वाळूत काळे पट्टे

नमस्कार मंडळी, मी मालवणचा. माझ्या तीन फुटी गोड्या पाण्याच्या माशांच्या टँकमध्ये नदीची बारीक वाळू आहे, मागच्या बाजूला चार इंच. (समुद्राची मुद्दाम टाळली, शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी जड होतं.) आता काचेतून वाळूत काळे पट्टे दिसतायत. काल काडीने ढोसलं तर बुडबुडे आले आणि सडक्या अंड्यांचा वास! म्हणजे खाली ऑक्सिजन पोचत नाही, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतोय. पावसात वीज गेली की फिल्टर तासन्‌तास बंद, त्याचीच जास्त धास्ती वाटते.

वाळू थोडी थोडी काढून दीड इंचावर आणू, की वाळू उकरत फिरणाऱ्या मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी सोडून आणि व्हॅलिस्नेरिया ही मुळं धरणारी पाणवनस्पती लावून भागेल? एकदम उपसली तर तळाशी फिरणाऱ्या कोरीडोरास माशांना बाधेल. कोणी हे केलंय का?