जुन्या पीसीत एसएसडी टाकतोय, बायोसमध्ये आयडीई ठेवू की एएचसीआय करू?

पत्रिकावाला, वेंगुर्ले

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याच्या बाजारात माझं झेरॉक्स नि लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. दुकानातली मशीन २०१२ची. आय३-३२२०, एच६१ बोर्ड, ८ जीबी रॅम. आधी विंडोज ७ होतं, त्यावरच फुकटवालं १० चढवलं. तेव्हापासून फॉरमॅट असा कधी मारलेलाच नाही. ५०० जीबीची डिस्क आता आठवडाभर कट्‌कट्‌ करतेय. भजन मंडळाचं एक हँडबिल उघडायला सांगावं आणि समोर जाऊन चहा पिऊन यावं, तरी ते उघडलेलं नसतं. चतुर्थी तोंडावर आली आहे. आरत्यांची पुस्तकं, मंडळांची पावतीपुस्तकं, सगळं तिच्याच पोटात.

म्हणून २४० जीबीची साटा (डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत) एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली चिपवाली डिस्क, मागवली. ज्याच्याकडून नेहमी टोनर घेतो तो म्हणाला, "बायोसमध्ये मोड बदलायला लागणार, आणि मोड बदलला की फॉरमॅट आलाच. १५०० होतील." पैशांचं एक वेळ जाऊ दे, फॉरमॅट परवडत नाही. पत्रिकांसाठीचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर आहे आणि त्याची सीडी गेल्या पावसात बुरशीने खाल्ली. परत टाकायचं कुठून?

बायोसमध्ये (मशीन चालू होताना डिलीट दाबलं की येणारं सेटिंगचं पान) 'साटा मोड'समोर आयडीई आहे, दुसरा पर्याय एएचसीआय. काल रात्री दुकान बंद करून, हिंमत करून, जुन्या डिस्कवरच एएचसीआय करून बघितलं. लोगो आला, ठिपके गोल फिरले आणि निळा पडदा: 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. माका वाटला, गेली मशीन! परत आयडीई केलं तेव्हा चालू झाली. आता एसएसडी आयडीईवरच लावू का? वेग अर्धा होतो म्हणतात ते खरं का?

टर्मिनेटर_रत्नागिरी

एएचसीआय. डोळे झाकून. आणि एसएसडीवर नेहमी फ्रेश विंडोजच टाकावं, क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, हा कचरा उचलून नव्या घरात नेण्यासारखा प्रकार.

पत्रिकावाला

दादा, त्या कचऱ्यातच माझं टायपिंगचं सॉफ्टवेअर आहे.

नारळीबाग, मालवण

पत्रिकावाले, आधी एक काम करा: बायोसला हात लावणं थांबवा. कट्‌कट्‌ करणाऱ्या डिस्कवर तुम्ही मोडचे प्रयोग करताय. ती कधीही झोपेल. मोडचा निर्णय उद्या घेतला तरी चालेल, क्लोन आज.

मी पंधरा वर्षं मुंबईत लॅमिंग्टन रोडला मशीन जोडल्या. आता गावी असतो, माडांना पाणी घालतो आणि लोकांचे पीसी उघडतो. तुमच्यासारखं निळ्या पडद्याचं प्रकरण महिन्याला एक तरी येतंच. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हा मोड म्हणजे विंडोजने डिस्कशी कुठल्या भाषेत बोलायचं ते. आयडीई ही जुनी भाषा. एएचसीआय इंटेलने २००४मध्ये आणली, साटासाठी. फरक कसा, तर मासळीबाजारात मासे कापून देणाऱ्या बाया ओळीने बसतात ना, तसं समजा. आयडीईमध्ये चार बाया बसल्यात, पण गिऱ्हाईक एकेकच आत सोडतात. पहिल्याची सुरमई कापून होईपर्यंत बाकीच्या तिघी माशा मारत बसतात. एएचसीआयमध्ये एकदम ३२ मागण्या रांगेत देता येतात आणि ज्या बाईचा हात मोकळा ती पुढची घेते. एसएसडीत चिप अनेक असतात, म्हणून तिला ही रांग मानवते.

पण खरं सांगायचं तर दुकानात तुम्ही एकटे बसून एक फाइल उघडता, तेव्हा बाजारात गिऱ्हाईकच एक असतं. तुम्हाला जो वेग जाणवणार आहे तो फिरती चकती आणि तिच्यावर धावणारी सुई गेल्याचा. तो आयडीईतही मिळतो. अर्धा वेग वगैरे सांगणाऱ्याने फरक मोजलेला नसतो. शिवाय एच६१वरचे साटा पोर्ट ३ जीबीपीएसचे आहेत, म्हणजे खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी छापलं असलं तरी तुम्हाला साधारण २७० एमबीच्या आसपासच दिसेल. त्यात मोडचा दोष नाही, आणि हँडबिलाला तेवढं रग्गड होतं. आयडीईत ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवणं) चालत नाही असंही ऐकाल. विंडोज ७पासून पुढे चालतं.

तरीही तुम्ही एएचसीआयच करा. बोर्डात आहे, फुकट आहे आणि फॉरमॅट अजिबात लागत नाही. १५०० वाचवा, चतुर्थीला फटाके आणा.

निळा पडदा का आला? विंडोज ज्या मोडमध्ये बसवलं त्या मोडचा ड्रायव्हर, म्हणजे दुभाषा, सुरुवातीलाच उचलतं, दुसरा बाजूला निजवून ठेवतं. तुम्ही भाषा बदललीत आणि दुभाषा झोपलेला. सेफ मोडमध्ये (कमीत कमी गोष्टींवर चालू होणं) विंडोज मूळचे सगळे ड्रायव्हर तपासून बघतं, त्यात हा दुभाषाही जागा होतो. एवढीच खुबी आहे.

तर असं करा. मोड आयडीईच राहू दे. एसएसडी दुसऱ्या साटा पोर्टला लावून क्लोन करा. बाजूचा कव्हर उघडा आहेच तर केबल नवीन घाला, समुद्राकाठी जुन्या केबलच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या असतात. यूपीएस नसेल तर दुपारी पाऊस उघडल्यावर करा, लाईट गेली तर पहिल्यापासून. क्लोन झालं की जुनी डिस्क काढा आणि मगच एसएसडीवरून पहिला बूट घ्या. दोन्ही जुळ्या एकत्र दिसल्या की विंडोज गोंधळतं. आयडीईमध्येच नीट चालू झालं, तुमचं टायपिंग उघडलं, प्रिंट निघाली, एवढं बघा.

मग विंडोजचं बटण आणि आर दाबून 'एमएसकॉन्फिग' टाका. बूटच्या पानावर 'सेफ बूट'ला टिक, खाली 'मिनिमल'. रीस्टार्ट करून डिलीट दाबत थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय करा, एफ१०ने सेव्ह. मशीन सेफ मोडमध्ये उघडेल, मोठमोठी अक्षरं, काळी पाटी, घाबरू नका. तिथे परत एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन टिक काढा, रीस्टार्ट. झालं. पिन टाकून लॉगिन करत असाल तर खरा पासवर्ड आधी आठवून ठेवा, सेफ मोडमध्ये पिन बरेचदा घेत नाही. एका गुरुजींनी मला रात्री अकराला त्यासाठी उठवलंय.

आणि बोर्डावरचा चपटा सेल बदला. सीआर२०३२. विसरू नका.

खाडीपलीकडे

माझ्याकडे त्याहून जुना जी४१ बोर्ड आहे. बायोस दहा वेळा चाळला, एएचसीआय शब्दच नाही. एसएसडी घेऊ की नको?

नारळीबाग, मालवण

घ्या. जी४१सोबत बहुतेकदा साधी आयसीएच७ चिप येते, तिच्यात एएचसीआय नाहीच. बायोस अपडेट करून येणार नाही, शोधत बसू नका. एक्सपीवरून क्लोन मात्र करू नका. एक्सपी पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करायचं, ते एसएसडीच्या ४ केबीच्या कप्प्यांवर नीट बसत नाही आणि एका लिहिण्याची दोन लिहिणी होतात. विंडोज व्हिस्टापासून पार्टिशन १ एमबीवर सुरू होतं, ते बरोबर बसतं.

टर्मिनेटर_रत्नागिरी

आणि माझ्या ११व्या जनरेशनच्या लॅपटॉपला काय? एनव्हीएमई (बोर्डात सरळ खोचायची नवी एसएसडी) टाकली, विंडोजच्या सेटअपमध्ये डिस्कच दिसत नाही. एएचसीआय शोधतोय तर व्हीएमडी नावाचं काहीतरी आहे.

नारळीबाग, मालवण

बघा, डोळे उघडावे लागले. एनव्हीएमई एएचसीआय बोलतच नाही, तिची भाषा वेगळी, साटाचा संबंध नाही. व्हीएमडी ही डिस्क आपल्या ताब्यात घेणारी इंटेलची सेटिंग, ती बंद करा किंवा सेटअपमध्ये पेन ड्राइव्हवरून इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर द्या, डिस्क दिसेल. नवं विंडोज टाकताय तर बंद केलेलं सोपं. पण आधीच चालू विंडोज असलेल्या लॅपटॉपवर हे परस्पर बदललं तर वेंगुर्ल्याचाच निळा पडदा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकड्यांची किल्ली आधी कागदावर लिहून घ्या.

पत्रिकावाला

झालं! क्लोनला दोन तास, मोडला दहा मिनिटं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर' दिसतंय. हँडबिल उघडेपर्यंत चहाची ऑर्डरही देऊन होत नाही. १५०० वाचले ते बायकोला सांगितलेलं नाही.

पत्रिकावाला (नऊ दिवसांनी)

नारळीबाग दादा, परत तोच निळा पडदा. मी कशालाच हात लावलेला नाही, आईशपथ. काल वादळी पाऊस, रात्रभर लाईट नव्हती. सकाळी बटण दाबलं आणि हे. फोटो टाकलाय.

नारळीबाग, मालवण

बायोसमधली तारीख काय दाखवतेय?

पत्रिकावाला

१ जानेवारी २०१२.

नारळीबाग, मालवण

सेल मेला. लाईट नसताना बायोसची सेटिंग तोच जपतो. लाईट गेली, बोर्ड सगळं विसरला आणि कारखान्याच्या सेटिंगवर आला. तुमच्या बोर्डाची ती सेटिंग आयडीई. दुभाषा परत झोपला. नवा सेल घाला, एएचसीआय करा, तारीख लावा.

पत्रिकावाला

घड्याळवाल्याकडे मिळाला. चालू झाली. सेलचं तुम्ही आधीच लिहिलं होतं, मी वाचून पुढे गेलो. बोर्डाच्या कव्हरवर आतून मार्करने लिहून ठेवलंय: 'एएचसीआय. सेल बघ.' जुनी डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलीय, चतुर्थी होईस्तोवर तिला हात लावणार नाही. मालवणात आलो की भेटतो, आरत्यांची पहिली पाच पुस्तकं तुमची.