लोखंड स्वीडनचं, मग पोलाद शेफील्डचं कसं?

धातुवेध: १८व्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्डच्या चांगल्या पोलादासाठी लोखंड स्वीडनहून यायचं. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगराळ गावात ते न्यायचा खटाटोप कशासाठी? आणि बेंजामिन हंट्समनच्या मुशीने, म्हणजे धातू वितळवायच्या मातीच्या भांड्याने, नेमका काय फरक पडला?

नदीकाठ: कारण लोखंड सोडून बाकी सगळं तिथेच होतं. शीफ, पोर्टर, रिव्हेलिन, लॉक्स्ली, डॉन या नद्यांना भरपूर उतार. जागोजागी बांध घालून पाणचक्कीवर घण आणि धारेचे दगड चालवत. दगड आसपासच्या वालुकाश्माचे, कोळसाही जवळचा. चाकूवाल्यांची कटलर्स कंपनी १६२४पासूनची, म्हणजे कसबी हातही होते. तिथल्या खनिजाचं लोखंड मात्र पोलादाला चालत नसे. फॉस्फरसमुळे ते गार असताना ठिसूळ होतं, गंधकामुळे तापवून ठोकताना तडकतं. स्वीडनचा माल हल बंदरात उतरायचा, तिथून नदीने वर.

मूसभट्टी: मुशीबद्दल सांगतो. आधीच्या पद्धतीत लोखंडी पट्ट्या लाकडी कोळशाच्या भुकटीत, बंद दगडी पेट्यांत आठवडाभर तापवत. कार्बन बाहेरून आत मुरायचा, त्यामुळे साल कडक आणि गाभा मऊ. हंट्समन घड्याळजी, स्प्रिंगला असं पोलाद भरवशाचं नाही. १७४०च्या दशकात त्याने त्याच पट्ट्यांचे तुकडे मातीच्या मुशीत पूर्ण वितळवले. कार्बन सगळीकडे सारखा झाला, मळ वर आला.

खरी कसोटी मुशीची, कारण भट्टी सुमारे १६०० अंश सेल्सिअसवर जाते. माती अनवाणी पायांनी तुडवत. हवेचा बुडबुडा किंवा खडा राहिला की मूस भट्टीत फुटलीच. पहिल्या खेपेला साधारण २५ किलो भरत, पुढच्या दोन खेपांना थोडं थोडं कमी. मळ पोलादाच्या पातळीवर मुशीची भिंत खातो, म्हणून पातळी दरवेळी खाली आणायची.

वितळलं की लगेच ओतायचं नाही. आणखी अर्धा तास आचेवर ठेवलं नाही तर वायू अडकून लगडीत पोकळ्या राहतात. बिडाच्या साच्याला आतून काजळी धरवायची, आणि ओतताना धार भिंतीला लागू द्यायची नाही.

धातुवेध: वितळलेल्या बिडात हवा फुंकून पोलाद करायच्या बेसेमरच्या पद्धतीने मूस बंद पडली का?

मूसभट्टी: नाही. बेसेमरने १८५८मध्ये शेफील्डमध्येच कारखाना काढला, पण त्याचं स्वस्त पोलाद मुख्यतः रुळांसारख्या कामांना गेलं. उत्तम अवजारांना मूसच लागे. शेफील्डमधल्या अ‍ॅबीडेलची मूसभट्टी तर दुसऱ्या महायुद्धात पुन्हा पेटवली होती. आज तिथे संग्रहालय आहे.