टर्मिनल बदलू की ठेवू? सर्व्हरवर बॅकस्पेस वेड्यासारखं वागतंय

काळी पाटी:
लिनक्सवर इतकी वर्षं ग्नोम टर्मिनल निमूटपणे वापरत होतो. मागच्या आठवड्यात हौस म्हणून किटी हे दुसरं टर्मिनल टाकलं आणि दुखणी मागे लागली. एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची कमांड) जुन्या सर्व्हरवर गेलो की बॅकस्पेस दाबल्यावर अक्षर पुसलं जाण्याऐवजी कर्सर पुढेच सरकतो. नॅनो एडिटर तर उघडतच नाही, टर्मिनलच्या नावाने एरर देऊन बाहेर. शिवाय लांब कमांड लिहिली की खालच्या ओळीवर न जाता त्याच ओळीच्या सुरुवातीला येऊन प्रॉम्प्टवर (कमांडच्या आधी दिसणाऱ्या मजकुरावर) चढते.
त्याआधी दोन दिवस अलाक्रिटी टर्मिनल वापरून पाहिलं, पण ‘प्रश्नपत्रिका’ नावाच्या फायलीची पार चिरफाड झाली: प वेगळा, हलन्त वेगळा, र वेगळा. कोणतं टर्मिनल घेऊ?

अर्धविराम:
किटीच ठेव. सर्व्हरच्या बॅशआरसीमध्ये (बॅश शेल उघडताना वाचतो ती फाइल) टर्मिनलचं नाव ठेवणाऱ्या टर्म या व्हेरिएबलला ‘एक्सटर्म-२५६कलर’ देऊन टाक, विषय संपला.

चौकोनी कर्सर:
नको रे, विषय तिथूनच सुरू होतो. बॅशआरसीत कायमचं लिहिलंस की टीमक्सच्या (एका टर्मिनलमध्ये अनेक सेशन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आतही तेच नाव लागतं, आणि टीमक्सला तिथे ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ने सुरू होणारं नाव लागतं. मग रंग आणि कळा दुसरीकडेच गंडतात. एखाद्या वेळची अडचण असेल तर तेवढ्या सेशनपुरतं बदल, बस.
पाटी, किटी स्वतःचं नाव ‘एक्सटर्म-किटी’ सांगतं. सर्व्हर ते नाव टर्मइन्फोच्या साठ्यात शोधतो, म्हणजे कोणतं टर्मिनल कसं चालवायचं याच्या नोंदींत. जुन्या साठ्यात ते नसलं की कर्सर मागे कसा न्यायचा, हेच त्याला कळत नाही. नुसत्या एसएसएचऐवजी किटीच्याच ‘किटन एसएसएच’ कमांडने जा, ते माहिती सोबत नेतं. ते नको असेल तर आपल्या मशीनवरून इन्फोसीएमपी कमांडने नोंद काढून सर्व्हरवर टिक कमांडने बसव. ती तुझ्या होम फोल्डरातच बसते, रूटचा पासवर्ड लागत नाही.
ओळीवर ओळ चढण्यात मात्र टर्मिनलचा काही दोष दिसत नाही. ‘नोआरसी’ पर्याय देऊन, म्हणजे बॅशआरसी न वाचता, बॅश उघड आणि तीच लांब कमांड लिही. नीट वळली तर गडबड तुझ्या प्रॉम्प्टमध्ये आहे.

काळी पाटी:
नीट वळली! म्हणजे?

चौकोनी कर्सर:
प्रॉम्प्ट रंगीत केला असशील. रंगाचे कोड पडद्यावर जागा घेत नाहीत, पण बॅश ते अक्षरं म्हणून मोजतो आणि ओळ कुठे संपते याचा हिशेब चुकतो. पीएस१ या प्रॉम्प्टच्या व्हेरिएबलमध्ये प्रत्येक रंगकोड \[ आणि \] यांच्यामध्ये घाल.

मात्रा-वेलांटी:
देवनागरीबद्दल: अलाक्रिटी जोडाक्षरं जुळवण्याच्या भानगडीत पडतच नाही, त्यामुळे फॉन्ट बदलून काही होणार नाही. मी कॉन्सोल नावाचं टर्मिनल वापरते. वाचता येण्याजोगं दिसतं, पण मराठी नावाच्या मधोमध कर्सर नेलास तर तो भलत्याच ठिकाणी दिसू शकतो. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद. एका अक्षराने किती चौकटी घ्यायच्या यावर शेल आणि टर्मिनल यांचं एकमत नसलं की असं होतं. मी मराठी नावं हाताने दुरुस्तच करत नाही, टॅब कळ दाबून शेलकडून पुरी करून घेते.

नवखा:
मध्येच विचारतो. माझं टर्मिनल अधूनमधून गोठतं, काही टाइप होत नाही. विंडो बंदच करावी लागते.

मात्रा-वेलांटी:
सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं जात असणार. टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ ‘थांब’, जुन्या टेलिटाइपच्या काळापासूनचा. कंट्रोल-क्यू दाबून बघ. मधल्या वेळात टाइप केलेलं सगळं एकदम उमटेल, तेव्हा चिडून काहीबाही लिहून एंटर मारत जाऊ नकोस.

काळी पाटी:
कंस घातले, प्रॉम्प्ट सुधारला. किटनने गेलो, बॅकस्पेसही सरळ. किटी ठेवतोय. मराठी फायलींच्या फोल्डरासाठी मात्र कॉन्सोल टाकलं. ‘प्रश्नपत्रिका’ एकदाची जुळली.